संशयाची धनीण

खुनी कोण, हा रहस्यपटाचा उघड प्रश्न. त्याच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि पटकथा लिहिणाऱ्याने तो बहुधा फारसा विचार न करताच सोडवलेला असतो : खरा गुन्हेगार हाती लागेपर्यंत संशय कुणाच्या पदरात टाकायचा? नायकावर तो फार वेळ ठेवता येत नाही, कारण प्रेक्षकाचा जीव त्याच्यात गुंतलेला असतो. नायिकेवर ठेवावा तर प्रेमकथाच मोडते. मग दुसरी एखादी बाई शोधली जाते. ती एकटी राहणारी असते, किंवा वयाने उतरलेली असते, किंवा तिच्या मागल्या आयुष्याबद्दल चार जणांत कुजबूज असते. तिची बाजू घेणारं कथेत कुणी नसतं. संशय तिला सहज चिकटतो, त्याच्या जोरावर कथा तासभर पुढे सरकते आणि काम भागलं की ती मरते, नाहीतर विसरली जाते. ही भूमिका सहाय्यक अभिनेत्रीच्या वाट्याला येते. रहस्यपटाची पारख करताना आपण शेवटचा उलगडा किती चतुर आहे ते पाहतो. मला वाटतं, खरी पारख या बाईपाशी व्हायला हवी. कथेने तिला कसं वागवलं, यावर त्या चित्रपटाची माणुसकी ठरते. एका इटालियन चित्रपटाने मला या विचाराकडे नेलं, पण तो विचार मी राहतो त्या बुलडाण्यात फार पूर्वी, १८८२च्या एका पुस्तकात, मांडला गेलेला आहे.

इटलीत अशा चित्रपटांना जाल्लो म्हणतात. मोन्दादोरी या प्रकाशनाने १९२९पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथांची माला काढली, त्या पिवळ्या रंगावरून हे नाव रूढ झालं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं वाचनालयातून जशी हातोहात फिरली, तशी तिकडे ही. पडद्यावरचा जाल्लो मारिओ बावाने १९६३-६४च्या सुमारास घडवला आणि १९७०मध्ये दारिओ आर्जेन्तोच्या पहिल्याच चित्रपटाने त्याची लाट आणली. काळे हातमोजे, चकाकतं पातं, खुन्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा, शहरातली उंची घरं आणि एकीमागून एक मारल्या जाणाऱ्या देखण्या तरुणी, असा साचा ठरून गेला. यात बायकांना मरण्यापलीकडे फारसं काम नसे. यातले बरेच चित्रपट मला शेवटपर्यंत पाहवत नाहीत.

लूचो फुल्ची या दिग्दर्शकाचा ‘नोन सी सेवित्सिया उन पापेरीनो’ हा १९७२चा चित्रपट याच लाटेतला. पापेरीनो म्हणजे इटालियन मुलांचा डोनाल्ड डक. त्या बदकाचा छळ करू नये, असं काहीसं हे नाव. फुल्चीने इथे शहर सोडलं आणि तो दक्षिण इटलीतल्या एका डोंगरगावात गेला. आच्चेन्दूरा हे गाव काल्पनिक आहे, पण तिथली पांढरी घरं, करपलेल्या टेकड्या आणि दुपारचं ऊन खरं आहे. गावाजवळून, उंच खांबांवरून, नवा द्रुतगती मार्ग जातो. त्यावरून शहरी गाड्या भरधाव निघून जातात. गावातली मिसरूडही न फुटलेली मुलं एकामागून एक मारली जातात. बातमीदार येतात, वरचे पोलिस अधिकारी येतात. आधी गावातला एक भोळसट माणूस पकडला जातो. मग सगळ्यांचे डोळे माचाराकडे वळतात.

माचारा गावाबाहेर राहते. ती चेटूक करते, असं सगळे म्हणतात आणि तीही ते नाकारत नाही. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या हातांवर. ती नुसत्या बोटांनी माती उकरते आणि एका तान्ह्या बाळाचा सांगाडा वर काढते. मुलांचे खून अजून सुरूही झालेले नसतात, पण पाहणाऱ्याच्या मनात निकाल लागलेला असतो. पुढे ती लहान लहान बाहुल्या करते, त्यांत टाचण्या खुपसते, तेव्हा तो निकाल पक्का होतो. बऱ्याच उशिरा कळतं की ते बाळ तिचं स्वतःचं होतं. मुलांनी खेळता खेळता त्याची पुरलेली जागा विस्कटली होती. आई म्हणून तिच्याजवळ एवढी एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी तिने त्या मुलांना शाप दिला होता.

पोलिस तिला पकडतात. चौकशीत तिला झटके येतात आणि ती कबूल करते : होय, मीच मारलं त्यांना, माझ्या विद्येने. पोलिसांना हत्यार हवं असतं, वेळ हवी असते, जागा हवी असते. ती बाहुल्यांबद्दल बोलत राहते. फ्लोरिंडा बोल्कान या अभिनेत्रीने हा प्रसंग जसा केला आहे, त्याला तोड नाही. बोल्कान मूळची ब्राझीलची. एलिओ पेत्रीच्या १९७०च्या ज्या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्यात ती होती; १९७१मध्ये फुल्चीच्याच एका चित्रपटाची ती नायिका होती. त्यानंतर लगेच तिने ही मातीने माखलेली, पिंजारल्या केसांची, शेवट यायच्या खूप आधीच संपून जाणारी भूमिका घेतली. चौकशीच्या प्रसंगात दुसऱ्या कुणी भीती दाखवली असती, किंवा वेड दाखवलं असतं. बोल्कान अभिमान दाखवते. त्या खोलीत सगळे पुरुष तिच्याकडे तोंड करून तिचं ऐकत बसलेले असतात. आयुष्यभर हाकललेल्या बाईचं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकण्याची ही पहिलीच वेळ असावी, असं तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटतं. जो गुन्हा तिने केला नाही, तो ती जवळजवळ आनंदाने आपल्या अंगावर घेते, कारण त्या गुन्ह्याने तिला काहीतरी सामर्थ्य दिलेलं असतं.

आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे अपरिचित नाही. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक आपली माणसं घेऊन येतात. त्यांत ‘बाहेरचं झालं’ म्हणून आणलेल्या बाया असतात. घरात, शेतात, चारचौघांत ज्या बाईला आवाज चढवून बोलायची मुभा नव्हती, ती अंगात आल्यावर मात्र सासऱ्याला आणि दिराला खडसावते आणि सगळे हात जोडून ऐकतात. ही सोंगं असतात, असं मी म्हणत नाही. त्यातलं दुखणं खरं असतं, त्यावर उपचार डॉक्टरकडेच व्हायला हवेत आणि साखळीने बांधून किंवा मारझोड करून कुणाचंही मन बरं होत नाही. पण वर्षानुवर्षं तुझ्यात काहीतरी वाईट आहे असं ऐकलेली बाई एक दिवस त्या वाइटाच्याच आवाजात बोलू लागते, एवढं मला बोल्कानच्या अभिनयाने समजावलं. माचाराचा जादूवर विश्वास आहे आणि गावाचाही आहे. तिला मारणाऱ्यांची आणि तिची श्रद्धा एकच आहे.

माचारा सुटते. खून झाला त्या वेळी ती भलत्याच ठिकाणी होती, हे एका पोलिसाच्याच साक्षीने सिद्ध होतं. कायदा तिला मोकळी करतो, गाव करत नाही. मेलेल्या मुलांच्या घरचे पुरुष तिला दफनभूमीत गाठतात आणि साखळ्यांनी मारतात. जवळ रेडिओ चालू असतो, त्यावर ओर्नेला व्हानोनीच्या आवाजात एक हळुवार प्रेमगीत लागलेलं असतं. ते काम उरकून निघून जातात. रक्तबंबाळ माचारा टेकडी चढत सरपटत त्या नव्या रस्त्यापर्यंत पोहोचते. सुट्टीला निघालेली कुटुंबं गाड्यांमधून जात असतात. तिच्याकडे पाहतात आणि वेग वाढवतात. ती रस्त्याच्या कडेला मरते.

जाल्लो चित्रपटांत खून ही पाहण्याची मौज असते. इथे फुल्ची ती मौज काढून घेतो. खुनी अंधारात लपलेला नाही, त्याला मुखवटा नाही, त्याने काळे हातमोजे घातलेले नाहीत. भर दिवसा, शोकात बुडालेले, एरवी कष्टाळू आणि सभ्य असलेले बाप एका बाईला मारतात. आणि तोवर पाहणाऱ्यानेही तिला मनातल्या मनात दोषी ठरवलेलं असतं. त्या बाळाच्या सांगाड्यापासून बाहुल्यांपर्यंत एकेक पुरावा आपण स्वतः गोळा केलेला असतो. साखळी उचलणाऱ्यांना जे वाटत होतं, तेच आपल्यालाही वाटत होतं, हे त्या क्षणी लक्षात येतं. गावावर अंधश्रद्धेचा ठपका ठेवून मोकळं होता येत नाही, कारण रस्त्यावरची माणसं गावातली नाहीत. ती शिकलेली, मोटारवाली, पुढारलेली माणसं आहेत. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि शेतांच्या मधून उंचावरचा रस्ता उभा राहिला, तेव्हापासून हे दृश्य मला अधिक टोचतं. गाडीतून जाणाऱ्याला खालचं गाव क्षणभर दिसतं आणि मागे पडतं.

खरा खुनी अजून सापडलेला नसतो. तो गावचा तरुण पाद्री आहे, मुलांना फुटबॉल खेळवणारा, सगळ्यांच्या विश्वासातला. मुलं मोठी होऊन पापात पडू नयेत, म्हणून तो त्यांना निष्पाप असतानाच मारत असतो. संशय ज्याच्या जवळपास फिरकला नाही, त्याच्याकडेच गुन्हा निघतो.

आता त्या १८८२च्या पुस्तकाकडे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा आरोप सिद्ध झाला आणि १८८१मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली, पण तोपर्यंत खटल्याची चर्चा मुंबई इलाखाभर पोहोचली होती. विधवा बायका, बायकांची जात, त्यांची नीती यांवर वर्तमानपत्रांतून ताशेरे झडू लागले. बुलडाण्यात सरकारी कचेरीत काम करणाऱ्या बापूजी हरी शिंदे यांची मुलगी ताराबाई हे वाचत होती. तिने ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं आणि ते पुण्यात छापलं गेलं. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ शतकभर कुणाच्या आठवणीत राहिलं नाही. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिल्याची नोंद नाही.

या पुस्तकाकडे आपण स्त्रीमुक्तीचा आद्य ग्रंथ म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात एक तरबेज समीक्षकही दिसते. ताराबाईंचा राग सनातनी कायद्यांवर आहे, पुरुषांच्या वागण्यावर आहे, आणि तितकाच कथांवर आहे. पुराणांतल्या, नाटकांतल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टींत बाईला कपटी, साहसी, दगाबाज का दाखवतात, याचा त्या जाब विचारतात. बाईच्या नावावर खपवलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि विचारतात, हाच दुर्गुण पुरुषांत किती आहे, ते आधी मोजा. विजयालक्ष्मी कोर्टात उभी राहण्याआधी या गोष्टींनी तिच्यावर आरोप ठेवलेला होता. तिचं बाळ एकटीचं नव्हतं, पण आरोपी एकटीच होती. एका बाळाचं प्रेत, एक एकटी बाई आणि तिच्याबद्दल आधीच तयार असलेलं मत. माचाराची कथा याच तीन गोष्टींवर उभी आहे. फुल्चीने ताराबाईंचं नाव ऐकलेलं असण्याचा प्रश्नच नाही. संशयाची वाट दोन्ही देशांत एकच होती, म्हणून ती दोघं एका ठिकाणी पोहोचली.

मराठी मनाला तर यासाठी परदेशी जाण्याची गरजच नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं. न्याय झाला, तो लिहिला गेला, तरी लोकांच्या मनात राहिलं ते काय? आनंदीबाईंनी चिठ्ठीतलं एक अक्षर बदलून ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. या अक्षरबदलाचा ठाम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पण आजही कुणी मजकुरात लबाडी केली की आपण ‘ध चा मा’ म्हणतो आणि दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईला पुन्हा एकदा शिक्षा करतो. कट रचणारे, पैसे घेणारे, तलवार चालवणारे, सत्ता मिळवू पाहणारे सगळे पुरुष. लक्षात राहिलेली मात्र बाई. आनंदीबाई निर्दोष होत्या, असा दावा मी करत नाही. त्यांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल कागदपत्रांत बोलायला जागा आहे. मला दिसतं ते एवढंच की, निवाडा ज्याच्या विरुद्ध गेला त्याचं नाव मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि जिच्या विरुद्ध पुरावा नाही तिचं नाव म्हणीत जाऊन बसतं.

प्रभातच्या १९४४च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई केल्या ललिता पवारांनी. हा योग मला फार बोलका वाटतो. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासून काम करत होत्या, नायिका होत्या, स्टंटपटांत झळकत होत्या, त्यांनी स्वतः चित्रपट काढलाही होता. १९४२मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि लांबलेल्या उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला. कामावर झालेली ती दुखापत होती. पडद्याने तिचा अर्थ दुष्टपणा असा लावला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो डोळा सुनांना छळत राहिला, कारस्थानं करत राहिला, अखेर दूरदर्शनच्या रामायणात मंथराही झाला. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसांसारखी मायाळू भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला, पण त्यांच्या वाट्याला अशा भूमिका थोड्याच आल्या.

१९६४च्या ‘कोहरा’त बीरेन नाग यांनी त्यांना दाई माँ केलं. डॅफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’तली मिसेस डॅनव्हर्स म्हणजे ही दाई. मोठी हवेली, मेलेली पहिली पत्नी, घाबरलेली नवी वधू वहिदा रहमान, आणि दारात, जिन्यावर, पडद्याआड न बोलता उभी असलेली ललिता पवार. त्या फार कमी हालचाल करतात. नवी वधू खोलीत यायच्या आधीपासून त्या तिथेच असाव्यात, असं त्यांचं उभं राहणं सांगतं. हेमंतकुमारांचं संगीत आणि धुक्याची छायाचित्रं यांचं कौतुक नेहमी होतं. मला वाटतं, हवेलीतली भीती मुख्यतः या एका बाईच्या स्थिर मानेत आहे. हा अभिनय मोठ्या दर्जाचा आहे. मात्र दिग्दर्शकाला तो हवा होता तो संशय निर्माण करण्यासाठी, आणि त्यासाठी त्याने कॅमेरा त्या दुखावलेल्या डोळ्याजवळ नेला. कलावंताची कमाई आणि तिच्यावरचा अन्याय एकाच चौकटीत येतात.

संशयाची बाई जितकी डोळ्यांत भरते, तितकीच दुसरी एक बाई रहस्यपटात डोळ्यांआड असते. आर्जेन्तोच्या १९७५च्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’त नायक खून झालेल्या घरात धावत शिरतो. लांब खोलीत चित्रं टांगलेली असतात. पुढे सबंध चित्रपटभर त्याला वाटत राहतं की त्यातलं एक चित्र नंतर गायब झालं. ते चित्र नव्हतंच. आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा होता, मित्राच्या म्हाताऱ्या आईचा. प्रेक्षकालाही तो चेहरा तेव्हाच दाखवलेला असतो. कुणाला दिसत नाही. ही भूमिका केली क्लारा कालामाय यांनी. १९४३मध्ये व्हिस्कोन्तीच्या ‘ओस्सेस्सियोने’ची त्या नायिका होत्या, नंतर मागे पडल्या. या चित्रपटातली आईही जुनी अभिनेत्री आहे, भिंतीवर तिच्या तरुणपणीच्या चित्रपटांची छायाचित्रं आहेत, आणि ती कालामाय यांचीच खरी छायाचित्रं आहेत. आपली एवढी कारकीर्द ती नायकाला सांगू पाहते. तो सभ्यपणे ऐकून घेतो. या रहस्याची सगळी मदार प्रेक्षकाच्या एका सवयीवर आहे, की वय झालेल्या बाईकडे तो नीट पाहणारच नाही. सवय इतकी पक्की आहे की दिग्दर्शकाने उत्तर सुरुवातीलाच आपल्यापुढे ठेवलं.

फुल्चीच्या चित्रपटाचं १९७२ हेच वर्ष महाराष्ट्रात दुष्काळाचं आणि मानवतच्या खुनांचं. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२ ते १९७४ या काळात माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक मुली आणि बाया होत्या. गुप्तधन, नरबळी, मंत्रतंत्र यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरून गेली. मुंबईहून पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले. फुल्चीचा चित्रपट त्याच वर्षी इटलीत लागला होता. मुलं मारली जातात, जादूचा संशय येतो, बाहेरून अधिकारी येतो, इतकं साम्य दोन अनोळखी गावांत निघावं हे अंगावर काटा आणणारं आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ हा १९८१चा चित्रपट याच प्रकरणावर बेतलेला. त्यात रुही ही भूमिका चित्रा पालेकरांनी केली. २०२४मध्ये आशिष बेंडे यांची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, त्यात सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर आहेत. सई ताम्हणकरने रंगवलेली समिंद्री ही अलीकडच्या मराठी रहस्यकथेतली मला सर्वांत जिवंत वाटलेली दुय्यम भूमिका. तिने चेहऱ्यावरची सगळी चकाकी उतरवून ठेवली आहे.

तरी माझी एक तक्रार उरते. मानवतची गोष्ट जितक्या वेळा सांगितली गेली, तितक्या वेळा ती एका बाईच्या हव्यासाची आणि मंत्रतंत्राची गोष्ट होत गेली. कोर्टात कुणाचं काय झालं, हा वेगळा विषय आहे. लोकांच्या बोलण्यात, पानाच्या टपरीवर, एसटीच्या प्रवासात जी मानवतची गोष्ट मी ऐकत आलो, तिच्यात ती बाई आहे, तिचं रूप आहे, तिचा मांत्रिक आहे. मारल्या गेलेल्या मुलींची नावं नाहीत. गावात पैसा, राजकारण आणि दारू यांचं काय चाललं होतं, तेही नाही. ताराबाईंनी १८८२मध्ये ज्या प्रकारच्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्या प्रकारची ही गोष्ट आहे. आणि तिचे परिणाम पडद्यापुरते राहत नाहीत. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा, चेटूक करणारा ठरवणं हा गुन्हा मानला गेला, कारण सातपुड्यात आणि इतरत्र ‘डाकीण’ म्हणून बायांना मारहाण होत होती. सातपुड्याची ती रांग आमच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांपर्यंत येते. कायद्याने एक शब्द गुन्हा ठरवता येतो. गोष्टीने ज्या बाईला आधीच दोषी केलेलं असतं, तिला निर्दोष करायला दुसरी गोष्टच लागते, आणि ती लिहिणाऱ्याला आपल्या प्रेक्षकाला दुखवायची तयारी ठेवावी लागते.

फुल्चीचा चित्रपट तसा आहे, म्हणून मी त्याला मानतो. त्यातलं सगळं मला मान्य नाही. माचाराच्या अंगावरच्या जखमांकडे त्याचा कॅमेरा गरजेपेक्षा जास्त वेळ पाहतो. बार्बरा बुशेने केलेल्या शहरी तरुणीला तो ज्या रीतीने दाखवतो, त्यात जाल्लोची जुनी लालसा शिल्लक आहे, आणि एका लहान मुलासमोरचा तिचा प्रसंग तर सरळ आक्षेपार्ह आहे. एका बाईला न्याय देताना दुसऱ्या बाईला तो वापरून घेतो. धंद्याच्या चौकटीत राहून काम करणाऱ्या दिग्दर्शकाची ही मर्यादा म्हणून सोडून द्यावी, असं काही जण म्हणतील. मला ती सोडवत नाही, कारण माचाराच्या बाबतीत त्याला चौकट मोडता आली होती.

या चित्रपटात आणखी एक दुय्यम भूमिका आहे, पाद्र्याच्या आईची. ती केली आयरीन पापास यांनी. १९६४च्या ‘झोर्बा द ग्रीक’मध्ये त्याच पापास गावाने मारलेली विधवा झाल्या होत्या, तिथे जमाव तिच्या जिवावर उठतो आणि ती जवळपास काही न बोलता मरते. आठ वर्षांनी त्या पलीकडच्या बाजूला उभ्या आहेत. औरेलिया ही गावातल्या प्रतिष्ठित घरातली बाई. आपला मुलगा काय करतो आहे, याचा तिला सुगावा लागलेला आहे आणि ती गप्प आहे. तिच्यावर कुणी संशय घेत नाही, कुणी तिच्या मागे साखळ्या घेऊन लागत नाही. पापास यांनी हे गप्प राहणं चेहऱ्याच्या एका ताठपणात पकडलं आहे, शोक आणि धाक यांच्यामधल्या कुठल्याशा जागी. पदरात एक मूकबधिर मुलगी आहे. तिचा जीव धोक्यात आल्यावरच आई हलते.

बायका निर्दोष असतात, असं ताराबाईंचं पुस्तक कुठेही म्हणत नाही. माप सगळ्यांना एकच लावा, एवढीच त्यांची मागणी आहे. ते माप औरेलियालाही लागेल. मुलाचा संशय आल्याबरोबर तिने तोंड उघडलं असतं, तर निदान शेवटची मुलं वाचली असती, आणि बहुधा माचाराही.